पुढचा 'एक' पुसायचा राहिला!

शुक्रवारी संध्याकाळी 'लुक्स गुड' लिहून मोकळं होणं एकदम सोप्पं. पण ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटातल्या मेमरीचा कोड जे तपासतात, त्यांना ही चैन परवडत नाही. का परवडत नाही, ते समजून घ्यायला आम्ही थेट न्हावा शेवा गाठलं!

शुक्रवार. संध्याकाळचे पावणेसात. अर्धं ऑफिस निघून गेलंय, उरलेलं अर्धं बॅगेची चेन लावतंय. आणि नेमका तेव्हाच मेल येतो, 'प्लीज रिव्ह्यू, अर्जंट!' सोबत कुणाचं तरी प्रेझेंटेशन, नाहीतर एक्सेल शीट, नाहीतर कोड. तुम्ही काय करता? खरं खरं सांगा हं! वरून खाली एकदा स्क्रोल करता, मध्ये दोन ठिकाणी थांबल्यासारखं करता आणि 'लुक्स गुड' लिहून सेंड. सव्वासातला तुम्ही मित्रांबरोबर पिझ्झाची ऑर्डर देत असता.

लाजू नका. मीही हेच करते. आणि माझी ती मैत्रीणही करायची. फक्त एकदाच केलं, असं ती म्हणते. पण ते एकदा तिला चांगलंच महागात पडलं.

ही मैत्रीण म्हणजे पुण्यात पेइंग गेस्ट असतानाची माझी रूम पार्टनर. मी मास कॉमच्या असाइनमेंट्स उरकत असायचे, तेव्हा ती काळ्या स्क्रीनवरच्या हिरव्या अक्षरांकडे तासन् तास बघत बसलेली असायची. आता ती एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. काम काय, तर लिनक्स कर्नलच्या मेमरी मॅनेजमेंटमध्ये होणारे बदल तपासणं. तिचं आणि कंपनीचं नाव देऊ नकोस, ही तिची एकमेव अट. ती मी पाळतेय.

'म्हणजे तू दिवसभर नक्की करतेस काय?' असं मी तिला इतक्या वर्षांत किमान दहा वेळा विचारलं असेल. दरवेळी ती समजावून सांगायची, मी मान डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी विसरून जायचे. या वेळी मात्र ट्यूब पेटली. ती पेटवली उरणच्या माझ्या मामाने!

कर्नल म्हणजे मिलिटरीतले का?

झालं असं, की मैत्रीण वीकेंडला मुंबईत आली होती. मामा बरेच दिवस जेवायला बोलवत होता. २०२४ च्या जानेवारीत लोकल थेट उरणपर्यंत जायला लागल्यापासून 'गाडी नाही, कसं येणार?' हा माझा बहाणाही संपलाय. रविवारी सकाळी नेरूळहून आम्ही दोघी लोकलमध्ये बसलो. वाटेत स्टेशनाच्या पाटीवर 'न्हावा शेवा' दिसलं, तसे तिचे डोळे चमकले. 'अरे, हे ते? २०१७ वालं?'

मला काही कळलं नाही. पण मामाला कळलं.

मामा न्हावा शेवा बंदरात एका सीएचएकडे क्लार्क. सीएचए म्हणजे कस्टम्स हाउस एजंट. सरकारी कागदावर आता 'कस्टम्स ब्रोकर' लिहितात, पण बंदरात अजूनही सीएचएच म्हणतात. मालाची कागदपत्रं तयार करणं, कंटेनरचे नंबर तपासणं, गेटवर गाडी अडली की धावत जाणं, हे मामाचं आयुष्य. ताटात सुरमई वाढता वाढता त्याने मैत्रिणीला विचारलं, 'तू काय करतेस गं पोरी?'

'कर्नलमध्ये आहे मामा.'

'मिलिटरीत?'

हसून हसून आमची पुरेवाट. मग तिने सांगायला सुरुवात केली. कॉम्प्युटर असो की तुमच्या हातातला मोबाइल, त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा अगदी आतला गाभा म्हणजे कर्नल. तुम्ही ब्राउझर उघडता, गाणी लावता, चॅट करता. या सगळ्या प्रोग्रॅम्सना काम करायला मेमरी लागते. ती कुणाला किती द्यायची, कुठली द्यायची आणि काम झाल्यावर परत कशी घ्यायची, हे कर्नल ठरवतो. एकाची जागा दुसऱ्याला दिसू द्यायची नाही, ही जबाबदारीही त्याचीच.

मामाने घास थांबवला. 'म्हणजे यार्ड प्लॅनिंग!'

'एक्झॅक्टली!' मैत्रीण जवळजवळ ओरडलीच.

बंदरातलं यार्ड तुम्ही लांबून का होईना, पाहिलं असेल. रंगीबेरंगी कंटेनर एकावर एक रचलेले. बाहेरच्याला वाटतं, जागा दिसली तिथे ठेवले. तसं नसतं. कुठला बॉक्स कुठल्या ब्लॉकमध्ये, कितव्या रांगेत, खालून कितवा, हे सगळं ठरलेलं असतं आणि ते कॉम्प्युटरला माहीत असतं. मेमरीचंही तसंच. बहुतेक ठिकाणी चार किलोबाइटची एकेक 'पेज', अशी लाखो पेजेस, आणि प्रत्येकाचा हिशेब कर्नलकडे. हा हिशेब ठेवणारा जो कोड आहे, त्यात कुणी बदल सुचवला की त्याला म्हणतात पॅच. आणि तो पॅच ओळ न् ओळ वाचून 'हो' किंवा 'नाही' सांगणारी माणसं म्हणजे रिव्ह्यूअर. आमची ही बाई.

त्या मंगळवारी काय झालं?

'तू २०१७ चं विचारत होतीस ना?' मामा सोलकढीची वाटी पुढे सरकवत म्हणाला. 'मंगळवार होता. सत्तावीस जून. पाऊस नुकताच लागलेला. फोन सुरू झाले, की जीटीआयची सिस्टिम गेली. आम्हाला वाटलं, गेली असेल अर्धा तास. नेहमीचंच. पण कुठलं काय! बॉक्स समोर यार्डात उभा आहे, पण तो कुणाचा, कुठे जायचाय, हे सांगणारं कुणीच नाही. बाहेर ट्रेलरच्या रांगा. ड्रायव्हर विचारतोय, साहेब, आत कधी घेणार? काय सांगणार त्याला?'

जीटीआय म्हणजे गेटवे टर्मिनल्स इंडिया. जवाहरलाल नेहरू बंदरातलं, म्हणजे आपल्या न्हावा शेव्यातलं, १८ लाख टीईयू क्षमतेचं टर्मिनल. टीईयू म्हणजे वीस फुटी कंटेनरच्या हिशेबातलं माप. हे टर्मिनल चालवत होती एपीएम टर्मिनल्स, डेन्मार्कच्या मर्स्क या बलाढ्य शिपिंग ग्रुपची कंपनी. आणि त्या दिवशी जगभरातली मर्स्क आडवी झाली होती. कारण होतं 'नॉटपेट्या' नावाचा व्हायरस.

सुरुवात न्हावा शेव्यापासून हजारो किलोमीटर दूर, युक्रेनमध्ये झाली. तिथे टॅक्स भरण्यासाठी वापरलं जाणारं एक अकाउंटिंग सॉफ्टवेअर होतं. त्याच्या अपडेटमधून हा व्हायरस पसरवला गेला. मर्स्कच्या ओडेसा शहरातल्या ऑफिसात एका कॉम्प्युटरवर ते सॉफ्टवेअर होतं. तेवढं पुरलं! स्क्रीनवर खंडणी मागणारा मेसेज यायचा, पण पैसे भरून काही उपयोग नव्हता. डेटा परत देण्याची सोयच त्यात नव्हती. २०१८ च्या फेब्रुवारीत अमेरिका आणि ब्रिटन, दोघांनीही या हल्ल्यासाठी रशियन लष्कराला जबाबदार धरलं. आकडे ऐकाल तर गरगरेल. दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले, असं मर्स्कचे तेव्हाचे चेअरमन जिम हॅगमन स्नाबे यांनी २०१८ च्या जानेवारीत दावोसला सांगितलं. कंपनीने स्वतःच्या नुकसानीचा अंदाज दिला २५ ते ३० कोटी डॉलर. कंपनीच्या नेटवर्कची सूत्रं सांभाळणारे जे खास सर्व्हर असतात, त्यांची एकच धड कॉपी जगात उरली होती, आफ्रिकेतल्या घानाच्या ऑफिसात. का वाचली? तर हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती म्हणून! लोडशेडिंगला नावं ठेवणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

न्हावा शेव्यात पुढचे काही दिवस जमेल तेवढं काम कागद-पेनाने. बॉक्सचा नंबर वाचायचा, लिहायचा, पुन्हा वाचायचा. 'आम्ही जुने लोक, आम्हाला सवय होती,' मामा म्हणाला. 'नवीन पोरांची मात्र तारांबळ.'

मी म्हटलं, 'पण याचा आणि मेमरीचा काय संबंध?'

मैत्रिणीने पाण्याचा ग्लास खाली ठेवला. 'तेच तर सांगतेय. व्हायरसकडे आत शिरायच्या दोन प्रकारच्या किल्ल्या होत्या. एक म्हणजे चोरलेले पासवर्ड. एखाद्या मशीनच्या मेमरीत पडलेले पासवर्ड उचलायचे आणि ते वापरून पुढच्या मशीनवर जायचं. आणि दुसरी म्हणजे विंडोजच्या कर्नलमधला एक बग. तो बग कसला होता, माहितेय? मेमरी मोजण्यातली चूक. बास, तेवढीच.'

लाखाचे झाले दोन लाख

इथून पुढे गणित आहे, पण घाबरू नका. पाचवीच्या वरचं नाही!

समजा मामाने एक बिल केलं, १,००,००० रुपयांचं. नंतर लक्षात आलं, की त्यातली ६० रुपयांची एक एंट्री चुकीची आहे. ती काढून टाकली. आता बिल किती व्हायला हवं? ९९,९४०. मामाने खोडरबर घेतलं, शेवटचे पाच आकडे पुसले आणि तिथे ९९९४० लिहिलं. पण सर्वांत पुढचा 'एक' पुसायचा राहिला. बिल झालं १,९९,९४० रुपयांचं! कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट.

विंडोजमध्ये नेमकं हेच झालं होतं. नेटवर्कवरून फाइल शेअर करण्याची एक जुनीपुराणी पद्धत होती. त्या पद्धतीत फाइलबद्दलच्या माहितीची एक यादी यायची. कर्नलमधला कोड ती यादी तपासायचा, चुकीच्या नोंदी सोडून द्यायचा आणि यादीची लांबी कमी करून लिहायचा. लांबीसाठी जागा होती ३२ बिट्सची. पण नवी लांबी लिहिताना कोड फक्त खालचे १६ बिट्स बदलायचा. वरचे तसेच! हल्ल्यात वापरलेली लांबी होती ६५,५३६. ती व्हायला हवी होती ६५,३७३. झाली १,३०,९०९. पुढचा 'एक' पुसायचा राहिला.

आता यार्डात या. प्लॅनरने साधारण ६५ हजारांच्या हिशेबाने जागा राखली. पण क्रेनवाल्याच्या हातातल्या कागदावर लिहिलंय, १ लाख ३० हजार. तो ठेवत सुटला. जागा संपली, तरी ठेवतोच आहे. शेजारच्या ब्लॉकमध्ये, दुसऱ्याच्या मालावर. बंदरात असं झालं तर धडाडधूम आवाज होईल, लोक धावत येतील. मेमरीत आवाज होत नाही. शेजारच्या जागेत जे होतं त्यावर गुपचूप नवं लिहिलं जातं. आणि ते 'नवं' काय असावं, हे हल्लेखोराने आधीच ठरवलेलं असतं. एकदा कर्नलच्या मेमरीत आपल्या मनासारखं लिहिता आलं, की मशीन तुमचं.

या बगवर बेतलेलं हत्यार अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने तयार केलं होतं. नाव 'इटर्नलब्लू'. ते चोरीला गेलं आणि १४ एप्रिल २०१७ ला सगळ्या जगासमोर आलं. त्याच्या महिनाभर आधी, १४ मार्चलाच, मायक्रोसॉफ्टने दुरुस्तीचा पॅच दिला होता. पण आपण सगळे काय करतो? 'अपडेट नाउ' की 'रिमाइंड मी लेटर'? मे महिन्यात 'वॉनाक्राय' आला आणि त्याने याच बगमधून जगभर धुमाकूळ घातला. एक्सपीसारख्या रिटायर झालेल्या विंडोजसाठीसुद्धा मायक्रोसॉफ्टला खास पॅच काढावा लागला. आणि तरीही जूनमध्ये नॉटपेट्याला शिरायला फटी सापडल्याच. नेटवर्कमधल्या एखाद्याच मशीनला पॅच नसला तरी त्याचं भागत होतं. तिथून पुढे पासवर्ड चोरत तो पॅच लावलेल्या मशीन्सवरही जायचा.

हे कुणाला दिसलं कसं नाही?

मला पडलेला प्रश्न अगदी बाळबोध होता. इतकी हुशार माणसं, इतके पगार, आणि एक 'एक' दिसू नये?

मैत्रीण म्हणाली, 'कारण कोड चालत होता ना! नेहमीच्या वापरात त्या दारातून इतकी मोठी यादी कधी येतच नाही. यादी लहान असेल, तर वरचे बिट्स शून्यच असतात. पुसले काय, नाही पुसले काय! हल्लेखोरांनी दुसरी एक चूक वापरून ती मोठी यादी आत सरकवली. टेस्टिंगमध्ये सगळं हिरवं दिसत असणार. अशी चूक पकडायची, तर कुणीतरी ती ओळ वाचताना थांबून विचारायला हवं, की ही जागा ३२ ची आहे, मग तू १६ च का लिहितोयस?'

फक्त एक प्रश्न. योग्य ओळीवर थांबून विचारलेला.

विंडोजचा कोड बंद दारामागे असतो, त्यामुळे तिथे कुणी काय वाचलं होतं ते आपल्याला दिसत नाही. लिनक्सचं तसं नाही. तिथे सगळं चव्हाट्यावर. कुणी बदल सुचवला, कुणी वाचला, कुणी आक्षेप घेतला, सगळं उघड. तिथे 'मी रिव्ह्यू केलाय' असं नाव लावायचं, तर त्याचा अर्थही लिहून ठेवलेला आहे. मी हा बदल तांत्रिकदृष्ट्या तपासलाय, माझ्या शंका मी लिहिणाऱ्याला कळवल्यात, त्यांची उत्तरं मला पटलीत, माझ्या माहितीत यात अडचण नाही. गॅरंटी मात्र देत नाही! हे शेवटचं वाक्य मला फार प्रामाणिक वाटलं. आपल्या ऑफिसातल्या 'लुक्स गुड'चा अर्थ असा कुणी लिहून ठेवलाय का?

आणि चव्हाट्यावर असूनही चुका निसटतातच. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये लिनक्सच्या मेमरी मॅनेजमेंटमध्ये 'डर्टी काऊ' नावाचा बग उघड झाला. काऊ म्हणजे गाय नाही, 'कॉपी ऑन राइट'चं लघुरूप. युक्ती अशी, की दोघांना एकच कागद हवा असेल तर लगेच झेरॉक्स काढायची नाही. दोघंही मूळ कागदच वाचतील. कुणी पेन उचललं की मगच त्याला झेरॉक्स काढून द्यायची. केवढी बचत! पण झेरॉक्स काढणं आणि त्यावर लिहिणं, या दोन क्षणांच्या मधोमध कुणी नेमकी गडबड केली, तर पेन मूळ कागदावरच चालायचं. म्हणजे जी फाइल फक्त वाचायची परवानगी आहे, ती कुणीही बदलावी आणि मशीनचा मालक होऊन बसावं!

दुरुस्ती केली ती साक्षात लिनस टोरवाल्ड्सने, ज्याने १९९१ मध्ये लिनक्स सुरू केलं. दुरुस्तीसोबत त्याने लिहिलं, की हा बग जुनाच आहे, अकरा वर्षांपूर्वी आपणच तो दुरुस्त करायचा प्रयत्न केला होता, पण तो धड नव्हता. पुढे दुसऱ्याच एका अडचणीमुळे ती दुरुस्ती काढून टाकली गेली होती. तेव्हा जी गोष्ट फक्त कागदावरच शक्य वाटत होती, ती मेमरीचा कोड सुधारत गेला तशी खरोखर घडवणं सोपं झालं.

'यातून मी काय शिकले सांगू?' मैत्रीण म्हणाली. '"असं कधी होणारच नाही" हे उत्तर रिव्ह्यूमध्ये मान्य करायचं नाही.'

रिव्ह्यूअर काय बघतो? पाच सोपे प्रश्न

मैत्रिणीने जेवणानंतर मामाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून दिलेली ही यादी. जशीच्या तशी!

१. मेमरी घेतली कुणी आणि परत करणार कोण? दोघांनी परत केली तरी गोंधळ, कुणीच नाही केली तरी गोंधळ.

२. काम अर्धवट फसलं तर? सगळं सुरळीत झालं की कोड बरोबरच चालतो. रिव्ह्यूअरने बघायचा तो फसल्यानंतरचा रस्ता.

३. आकार कसा मोजलाय? दोन मोठ्या संख्यांचा गुणाकार ठरलेल्या जागेत मावेल का? वरचा आकडा हरवणार तर नाही?

४. मेमरी मिळेपर्यंत थांबायची इथे मुभा आहे का? कर्नलमध्ये काही ठिकाणी क्षणभरही थांबायला, 'झोपायला' परवानगी नसते. तिथे थांबलात तर अख्खं मशीन अडकू शकतं.

५. परत केलेली मेमरी नंतर कुणी वापरत तर नाही ना? फ्लॅट सोडला, पण डुप्लिकेट किल्ली खिशातच, असला प्रकार.

ती शुक्रवारची संध्याकाळ

आता तो तिचा किस्सा. परतीच्या लोकलमध्ये, मी अजिबात न विचारता, तिने सांगितला.

तिच्या नोकरीचं दुसरं वर्ष. शुक्रवार, पावणेसात. सोमवारी रिलीज. सीनियरचा पॅच आला, जेमतेम वीस ओळींचा. सीनियर म्हणजे टीमचा हिरो. त्याच्या कोडमध्ये ही काय चूक काढणार? शिवाय रात्रीच्या सिनेमाची तिकिटं काढलेली. तिने वरून खाली एकदा बघितलं आणि मंजुरी देऊन टाकली.

पॅच चांगलाच होता. मेमरीचं एक पेज घ्यायचं, त्यात काम करायचं, परत द्यायचं. फक्त मधली एक पायरी फसली, तर कोड थेट बाहेर पडायचा. पेज परत न करता. यादीतला दुसरा प्रश्न! एकदा फसलं की चार किलोबाइट गेले. चार किलोबाइट म्हणजे काय हो, किस झाड की पत्ती! पण सर्व्हर रात्रंदिवस चालतो. हिशेब करा. २,६२,१४४ वेळा फसलं, की एक जीबी गायब. ग्राहकाच्या मशीनवर रोज थोडी थोडी मेमरी नाहीशी होत गेली. काही आठवड्यांनी एका रात्री मेमरी संपली. अशा वेळी लिनक्स स्वतःला वाचवायला एखादा मोठा प्रोग्रॅम मारून टाकतो. त्या रात्री त्याने डेटाबेस मारला.

'दुरुस्ती किती ओळींची होती सांग?'

'पाच?'

'एक. बाहेर पडायच्या आधी पेज परत करायची ती एक ओळ. तीन दिवस आम्ही ती शोधत होतो. आणि सापडली तेव्हा बाजूला रिव्ह्यूअर म्हणून माझं नाव. सीनियर काही बोलला नाही गं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.'

गाडी खाडीवरून जात होती. ती बाहेर बघत म्हणाली, 'चूक त्याची होती. सगळ्यांकडून होते. पण मी तिथे कशासाठी होते? मी चुकले नाही, मी वाचलंच नाही.'

आता ती शुक्रवारी संध्याकाळी रिव्ह्यू करत नाही. पॅच मोठा असेल तर लिहिणाऱ्याला तुकडे करायला लावते. कोड मोठ्याने वाचते, शेजारचे हसले तरी. आणि एखादी ओळ कळली नाही, तर तसं सरळ लिहिते, 'मला हे कळलं नाही, समजावून सांगा.' दर चार-पाच वेळांत एकदा तरी समजावता समजावता लिहिणाऱ्यालाच स्वतःची चूक दिसते, असा तिचा अनुभव. त्याची किंमतही ती मोजते. 'तुझ्यामुळे उशीर होतो' हे वाक्य तिला नवीन नाही. अप्रेझलच्या फॉर्ममध्ये 'तुमच्यामुळे न झालेल्या दुर्घटना' असा कॉलम नसतो ना!

मशीनच करेल की आता!

हा प्रश्न मी विचारलाच. आता तर कोड लिहायलाच एआय आलंय. तपासायलाही तेच नाही का येणार?

मदत होतेच, ती म्हणाली. चुकीच्या जागी हात घातला की लगेच ओरडणारी टूल्स लिनक्समध्ये २०१५ पासून आहेत. दिवसरात्र उलटसुलट इनपुट देऊन कर्नलला छळणारे रोबोही आहेत. २०२२ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या ६.१ व्हर्जनपासून लिनक्समध्ये 'रस्ट' या भाषेला प्रवेश मिळाला. मेमरीच्या कित्येक चुका ही भाषा मुळात करूच देत नाही. गरज आहेच. मायक्रोसॉफ्टच्याच एका इंजिनीअरने २०१९ मध्ये मांडलेला हिशेब असा, की कंपनी दरवर्षी सुरक्षेच्या ज्या त्रुटी दुरुस्त करते, त्यातल्या सुमारे ७० टक्के मेमरीच्या गडबडीतून आलेल्या असतात.

'पण कोड जितका झटपट लिहिला जाईल, तितका वाचणाऱ्यावर लोड वाढणार,' ती म्हणाली. 'लिहिणारा दमत नाही आता. वाचणारा दमतो.'

अकरावा आकडा

निघताना मामाने आम्हाला एक गोष्ट दाखवली होती, ती शेवटी सांगायची म्हणून राखून ठेवली.

कंटेनरच्या दारावर नंबर असतो. चार अक्षरं, मग सहा आकडे, आणि त्यानंतर एका छोट्या चौकोनात एकटाच बसलेला आणखी एक आकडा. मामाने मोबाइलमधला एक फोटो मोठा करून दाखवला. 'हा अकरावा काय करतो, माहितेय? हा मालाचा नाही, जहाजाचा नाही. आधीच्या दहांवरून गणित करून हा काढतात. लिहिताना एखादा आकडा चुकला, की याच्याशी ताळा जुळत नाही. लगेच कळतं. याचं काम एकच. बाकीच्या दहांकडे लक्ष ठेवायचं.'

मैत्रीण त्या चौकोनाकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, 'मामा, तो मी आहे.'

मामा हसला. 'मग मी कोण? कॉम्प्युटर बंद पडला होता, तेव्हा हे गणित पेनाने करून बघायचो मी. लोक म्हणायचे, कशाला वेळ घालवताय? म्हटलं, गेटवरून गाडी परत फिरली तर त्यात जास्त वेळ जाईल.'

सोमवारी ऑफिसात गेले. एका सहकाऱ्याने त्याचा लेख 'जरा नजर टाक' म्हणून पाठवला होता. मी 'मस्त' असं टाइप केलं. मग पुसलं. खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्या ओळीपासून, ओठ हलवत, वाचायला लागले. तिसऱ्या परिच्छेदात एक आकडा होता. त्यात एक शून्य जास्त होतं.